कॉन्टेसा, ११८ एनई की एस्टीम? दुसरं इंजिन बसवायला चेसिस कुठली घ्यावी?

मेहरूणचा_मिस्त्री (जळगाव)

नमस्कार मंडळी. एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, ठिबकच्या साच्यांची दुरुस्ती. बारा वर्षं दुसऱ्यांची मशिनं उभी केली, आता स्वतःसाठी एक गाडी उभी करायची आहे. जुनी, शक्यतो मागच्या चाकांवर चालणारी, वळणावर मजा देणारी. मूळचं इंजिन काढून त्यात दुसरं दमदार इंजिन बसवायचं. इंजिनाचा विचार नंतर करू, आधी चेसिस ठरवायची आहे.

गेल्या महिन्यात तीन गाड्या पाहिल्या. धुळ्याला देवपुरात एक कॉन्टेसा क्लासिक आहे, १९९४ ची, इसुझूचं १.८ पेट्रोल, इंजिन जाम, रंग मात्र नवाकोरा. मालक नव्वद हजार म्हणतो. दुसरी चाळीसगावची प्रीमियर ११८ एनई, १९८९ ची. निवृत्त शिक्षकांची आहे, आठ वर्षं गोठ्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये उभी. ते चाळीस म्हणतात, पण भाव करायला माणूस दिलदार वाटला. तिसरी माझ्या मामांची एस्टीम, १९९९ ची, चालू, कागद चोख. मामा म्हणतात घेऊन जा, फक्त भंगारात घालू नको.

खरं सांगतो, जीव कॉन्टेसावर आहे. लहानपणी अमळनेरला एका लग्नात जिनिंगवाल्यांची काळी कॉन्टेसा मांडवासमोर येऊन थांबली होती. नवरदेव सोडून आम्ही सगळी पोरं त्या गाडीभोवती. तो लांबलचक बॉनेट अजून डोळ्यासमोर आहे.

हाताशी तीन लाख आहेत, दोन वर्षांचे रविवार आहेत. वेल्डिंग, मशिनिंग घरचंच. तुम्ही माझ्या जागी असता तर काय घेतलं असतं?

पांझराकाठ (धुळे)

कॉन्टेसा. डोळे मिटून.

मी स्वतः २००१ ची ठेवून आहे म्हणून बोलतो. तिची बॉडी मूळ इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची. तिकडे याच बॉडीच्या व्हेंटोरा मॉडेलमध्ये ३.३ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन यायचं. आपल्याकडे १९८४ मध्ये आली तेव्हा बिचारीला अ‍ॅम्बॅसॅडरचं १.५ लिटर इंजिन दिलं, पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर. एवढ्या मोठ्या अंगाला ते पुरायचंच नाही. नंतर इसुझू आलं आणि गाडी गाडीसारखी पळायला लागली. म्हणजे बॉनेटखाली जागा पहिल्यापासूनच आहे. चार सिलिंडर ठेवलं तरी दोन्ही बाजूंनी हात घालून काम करता येतं. पुढेमागे कॉइल स्प्रिंग, मागे सरळ एक्सल. अजून काय पाहिजे भो?

शेवभाजी

गाडी भारी शे भो, कोणतीही ले. पहिली फेरी आमच्याकडे आण, शेवभाजी माझ्याकडून.

लोकोशेड_अण्णा (भुसावळ)

पोरा, एक शब्द आधी दुरुस्त करतो म्हणजे पुढे घोळ होणार नाही. तू चेसिस चेसिस म्हणतोस, पण या तिन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नाहीच. कॉन्टेसा, ११८, एस्टीम या सगळ्यांची बॉडीच सगळं ओझं पेलते. शिडीसारखी वेगळी चेसिस जिप्सीला असते, ट्रकला असते. वेगळी चेसिस असेल तर वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. इथे पत्राच हाड आहे. पत्रा गेला की गाडी गेली.

मी पस्तीस वर्षं भुसावळच्या शेडमध्ये फिटर होतो. इंजिनाची किंमत माणूस नेहमी जास्त धरतो आणि ज्याच्यावर इंजिन बसतं त्याची कमी. इंजिन खोलता येतं, बोअर मारता येतो, नवीन आणता येतं. मरगळलेल्या पत्र्यात पुन्हा ताठपणा आणणं फार कष्टाचं आहे. म्हणून नाव बघून गाडी घेऊ नकोस. तिघींमध्ये जिचा पत्रा शाबूत, ती घे.

बघायचं कसं ते सांगतो. सोबत एक जाड स्क्रू ड्रायव्हर, एक लोहचुंबक आणि बॅटरी ने. चुंबकाला पातळ कापड गुंडाळ म्हणजे रंगाला ओरखडा नको. दाराखालच्या पट्ट्यावर, चाकांच्या कमानीवर, डिकीच्या तळाशी चुंबक फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. मग गाडीखाली झोप. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा ठण् वाजतो, सडलेला थप् वाजतो. जॅक लावायच्या जागा, पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टोक आणि मागचा एक्सल जिथे बॉडीला धरलेला असतो त्या चार जागा, इथे वेळ घाल. आतलं रबरी मॅटिंग उचलल्याशिवाय परत येऊ नकोस.

आणि नवा रंग बघून मला धडकी भरते. इंजिन जाम असलेल्या गाडीला कोणी उगाच रंग देत नाही.

निंबोणी (पारोळा)

अण्णांच्या शेवटच्या वाक्याला दोन्ही हातांनी अनुमोदन.

आमच्या वडिलांची ११८ एनई होती, बिस्किट रंगाची. सगळे म्हणायचे खान्देशात कोरडी हवा, इथे गाडी सडत नाही. खरंय ते, मुंबईच्या खाऱ्या हवेतली गाडी आणि आपल्याकडची गाडी यात फरक असतोच. पण आमची सडली ती पुढच्या काचेच्या रबरामुळे. रबर कडक होऊन कोपऱ्यात चीर पडली होती. पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरून ड्रायव्हरच्या पायाखाली साचायचं, वरून मॅटिंग कोरडंच दिसायचं. एक दिवस बाबांनी क्लच दाबला आणि टाच खाली गेली. मॅटिंग उचललं तर तळहाताएवढं भोक, खालचा रस्ता दिसत होता. मी तेव्हा अकरावीत होते, ते दृश्य विसरले नाही.

दादा, चाळीसगावला जाल तेव्हा पुढच्या काचेचे खालचे दोन्ही कोपरे बोटाने दाबून बघा.

कन्नडघाट (चाळीसगाव)

मिस्त्रीभाऊ, माझी हकीकत वाचा आणि मग ठरवा.

२०१४ मध्ये मी पद्मिनी घेतली. आजोबांची टॅक्सी पद्मिनी होती, त्या ओढीने. पत्रा बरा होता. त्यात एका जुन्या पिकअपचं डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं, कारण ते स्वस्तात मिळालं. चूक तिथेच झाली. हातात आलेलं इंजिन आणि मनात बसलेली गाडी यांची सोयरीक मी जबरदस्तीने जुळवली.

पहिली अडचण चेंबरची. इंजिनाचं ऑइल चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) पुढून खोल होतं आणि पद्मिनीचा पुढचा आडवा बीम नेमका तिथेच. चेंबर कापून उथळ केलं, तर चढावर ऑइलचा दाब पडायला लागला. दुसरी अडचण सायलेन्सरची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्याचा बॉक्स उजवीकडे आणि त्या इंजिनाचा मॅनिफोल्डही उजवीकडेच. दोन बोटांचं अंतर उरलं, उन्हाळ्यात बॉक्सचं ग्रीस पाणी होऊन गळायचं. तिसरी सगळ्यात वाईट. इंजिन वजनदार, म्हणून गॅरेजवाल्याने ते जमेल तसं मागे वर टेकवून फाउंडेशन (इंजिन धरणारी बैठक) वेल्ड केलं. गिअरबॉक्सचा शेंडा आणि मागच्या एक्सलचं तोंड यांचे कोन जुळलेच नाहीत. साठच्या पुढे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला ताकद नेणारा दांडा) असा थरथरायचा की आरशात मागचा रस्ता दिसेना. चार महिन्यांत दोनदा शाफ्टच्या सांध्याचे क्रॉस बदलले. तिसऱ्यांदा घाटात, म्हसोबाच्या वळणाच्या अलीकडे, गिअरबॉक्सचं फाउंडेशन तुटलं. बायको सोबत होती. गाडी थांबली हे नशीब.

एक लाख सत्तर हजार गेले. गाडी अजून अंगणात आहे, मूळ इंजिन परत बसवलंय.

शिकलो ते एवढंच: गाडी विकत घेण्याआधी फूटपट्टी घेऊन जा. बीमपासून बॉनेटपर्यंत उंची, रेडिएटरपासून मागच्या भिंतीपर्यंत लांबी, गिअरबॉक्सच्या बोगद्याची रुंदी. तीच मापं इंजिनाची घ्या. थर्माकोल किंवा पुठ्ठ्याचं इंजिन करून आत ठेवून बघा. हसू नका, मी आता तसंच केलं असतं.

केळीवाला_रावेर

खरी स्पोर्ट्स कार पाहिजे तर सॅन स्टॉर्म शोधा ना! गोव्यात बनायची, दोन सीट, उघडी, फायबरची बॉडी. पत्रा सडायचा प्रश्नच नाही, अण्णांचं चुंबक घरी ठेवा.

पांझराकाठ (धुळे)

@केळीवाला, ती पुढच्या चाकांवर चालते आणि इंजिन रेनोचं १.२. सुटे भाग शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. शिवाय जी काही मोजकी उरलीत ती कापून टाकायची? पाप लागेल भो.

केळीवाला_रावेर

बरं बरं, माघार. गाडी तयार झाली की केळीचा घड नारळाच्या जागी ठेवायला मी आणतो.

अमळनेर_ते_ऑस्टिन

इथे टेक्सासमध्ये हा छंद गल्लोगल्ली आहे, म्हणून थोडं इकडचं सांगतो. नावं वेगळी असली तरी प्रश्न अगदी हाच आहे.

इकडे लोक जुनी माझदा एमएक्स-५ घेतात, आरएक्स-७ घेतात, पोर्श ९४४ घेतात, डॅटसन २४०झेड घेतात आणि त्यात बहुतेक वेळा जनरल मोटर्सचं एलएस घराण्याचं व्ही-८ बसवतात. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ते पहिल्यांदा आलं. ५.७ लिटर, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ हॉर्सपॉवर. एवढं मोठं इंजिन पण कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असल्याने वरून बुटकं आणि अरुंद. म्हणून छोट्या बॉनेटखाली मावतं. ताकदीइतकंच त्याचं आकारमान लोकांना भावतं.

चेसिसचं म्हणाल तर प्रत्येकीची खोड वेगळी. ९४४ ला गिअरबॉक्स मागच्या एक्सलला जोडलेला, त्यामुळे वजन पुढेमागे जवळपास सारखं, पण इंजिन बदलताना पुढच्या इंजिनापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंतची नळी सांभाळावी लागते. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअर) यांना जोडणारी एक लांब अ‍ॅल्युमिनियमची चौकट आहे. व्ही-८ घालताना ती काढतात आणि मग डिफरन्शियल धरायला नवी सोय करावी लागते. २४०झेड दिसायला सगळ्यात देखणी, आणि गंज खायलाही पुढे.

मी आरएक्स-७ घेतली, १९८८ ची. तिचं मूळ रोटरी इंजिन गेलेलं होतं. तिच्यासाठी फाउंडेशन, चेंबर, शाफ्ट सगळं तयार मिळतं, कारण माझ्या आधी कित्येकांनी तेच केलंय. मिस्त्रीभाऊ, माझं मत असं की जी जोडी आधी कुणीतरी जमवलेली आहे ती निवडा. पहिला मान आपला नसला तरी चालतो.

@कन्नडघाट, तुमचा घाटातला प्रसंग वाचून पोटात गोळा आला. वहिनी सुखरूप आहेत हे वाचेपर्यंत श्वास रोखला होता.

मेहरूणचा_मिस्त्री (जळगाव)

केवढं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. ऑस्टिनदादा, असं एखादं जुनं आरएक्स-७ इकडे आणता येईल का?

कोर्टगल्ली (धुळे)

त्याचं उत्तर मी देतो. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, वर कस्टमचा भार. १९८८ ची गाडी त्यात बसत नाही. तो विषय सोडा.

आता जो विषय कोणी काढला नाही तो काढतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर उत्पादकाने दिलेला जो मूळ तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बसवता येतं, नवा नंबर आरसीवर चढतो. पण ११८ मध्ये सुझुकी किंवा कॉन्टेसात टोयोटा घालून रस्त्यावर आणली तर कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. दंड भरून सुटलात असं समजू नका. अपघात झाला तर विमा कंपनी तोंड फिरवते, आणि समोरचा माणूस जखमी असेल तर ते ओझं आयुष्यभराचं.

म्हणून आधी ठरवा. गाडी रस्त्यावर चालवायची की खासगी जागेत आणि ट्रॅकवर? या उत्तरावर चेसिस ठरेल.

पांझराकाठ (धुळे)

वकीलसाहेब, एवढ्या गाड्या फिरताहेत इंजिन बदललेल्या, कोण विचारतं?

कोर्टगल्ली (धुळे)

अपघाताच्या दिवशी सगळे विचारतात. मी त्या बाजूच्या खुर्चीत बसतो भाऊ, म्हणून कळकळीने सांगतोय.

लोकोशेड_अण्णा (भुसावळ)

वकीलसाहेबांचं ऐका. आणि ऑस्टिनच्या पोरा, तिकडे काही नियम नाहीत का?

अमळनेर_ते_ऑस्टिन

आहेत ना अण्णा. राज्याराज्यात वेगळे. कॅलिफोर्नियात सगळ्यात कडक. तिथे घातलेलं इंजिन गाडीपेक्षा जुन्या वर्षाचं चालत नाही, धुराची सगळी यंत्रणा इंजिनासोबत यावी लागते आणि सरकारी तपासनीस बघून शिक्का देतो. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धूरतपासणीतून सूट आहे, म्हणून तिकडे २४०झेडला एवढा भाव. म्हणजे बघा, चेसिसची निवड तिकडेही अर्धी कायद्यानेच ठरते.

निंबोणी (पारोळा)

मग एस्टीमचा विचार का करत नाही कोणी? बलेनोचं १.६ लिटर इंजिन त्याच घराण्यातलं. माझ्या चुलतभावाच्या मित्राने घातलंय, फार कापाकापी लागली नाही म्हणे. ९४ हॉर्सपॉवर, आणि एस्टीम आधीच हलकी.

कोर्टगल्ली (धुळे)

ताई, कंपनी एक असली तरी इंजिनाचा प्रकार आणि सीसी बदलतो. आरसीशी विसंगत ते विसंगतच.

कन्नडघाट (चाळीसगाव)

शिवाय पुढच्या चाकांवरची. मिस्त्रीभाऊंना मागून ढकलणारी पाहिजे. मागून ढकलणारी म्हणजे सुझुकीत जिप्सी, व्हर्सा, ओम्नी, ईको. यातलं जिप्सीचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन मला सगळ्यात सोयीचं वाटतं. १.३ लिटर, १६ व्हॉल्व्ह, ८० हॉर्सपॉवर. पाच गिअर, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, आणि ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसून मध्ये छोटा शाफ्ट असतो. म्हणजे ती केस बाजूला ठेवून गिअरबॉक्समधून थेट मागच्या एक्सलला शाफ्ट नेता येतो. ११८ चं मूळ इंजिन निस्सानचं ११७१ सीसी, ५२ हॉर्सपॉवर, चार गिअर. वजन फारसं न वाढवता दीडपट ताकद.

कॉन्टेसात मात्र हे इंजिन पुरणार नाही. तिला दोन लिटरच्या पुढचं काहीतरी लागेल आणि तीन लाखांत ते बसवून ब्रेकही सुधारायचे तर कठीण.

पांझराकाठ (धुळे)

मान्य करायला जड जातंय, पण इंजिनाचा मुद्दा बरोबर आहे. तरी ११८ म्हणजे डबाच ना दिसायला?

अमळनेर_ते_ऑस्टिन

डबा म्हणू नका! ती मूळ फियाट १२४. १९६७ ची युरोपातली कार ऑफ द इयर. रशियाची लाडा तिच्यावरूनच निघाली. युरोपात लोक त्या चौकोनी गाडीला रॅलीत असं पळवतात की बघत राहावं. हलकी, मागे कॉइल स्प्रिंग, आजूबाजूला चांगली काच. मला इथे मिळाली असती तर आरएक्स-७ ऐवजी तीच घेतली असती.

शेवभाजी

तापमानाचं कोणी बोललं नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा. कोणतंही इंजिन घाला, रेडिएटर आधी बघा.

मेहरूणचा_मिस्त्री (जळगाव)

शेवभाजीभाऊ, लाख मोलाचं बोललात. माझ्या डोक्यात आत्तापर्यंत फक्त हॉर्सपॉवर होती. रेडिएटर जाड घेऊन दोन इलेक्ट्रिक पंखे लावायचं ठरवलं. शनिवारी धुळे आणि चाळीसगाव दोन्ही करून येतो. अण्णांचं चुंबक, कन्नडघाटभाऊंची फूटपट्टी, निंबोणीताईंचं बोट, सगळं घेऊन.

मेहरूणचा_मिस्त्री (जळगाव)

शनिवार झाला. सविस्तर लिहितो.

आधी धुळे. कॉन्टेसा उन्हात चकाकत होती, मन पुन्हा अमळनेरच्या मांडवात गेलं. चुंबक काढलं. बॉनेटला चिकटलं, दारांना चिकटलं. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर ठेवलं आणि ते सरळ खाली पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. दाराखालच्या पट्ट्यावर वीतभर अंतरात तीन ठिकाणी पडलं. गाडीखाली झोपलो. ठोकलं तर थप्. एके ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आत गेलं, आतून लांबीची गुलाबी पूड माझ्या तोंडावर. मालक शेजारी उभे होते, तेही ओशाळले. त्यांनाही आधीच्या मालकाने तशीच विकली होती. त्यांच्यावर राग नाही. पण उठताना घसा दाटून आला, हे लपवत नाही.

मग चाळीसगाव. गुरुजींनी आधी ताक दिलं, मग शेडचं कुलूप काढलं. गाडीवर गोधडी होती. कोंबड्यांनी बॉनेटवर घर केलेलं. रंग उडालेला, टायर फुटलेले, सीटची स्पंजं उंदरांनी नेलेली. निंबोणीताई, काचेचे कोपरे दाबले. उजवीकडचं रबर कडक होतं, पण चीर नव्हती. ड्रायव्हरकडचं मॅटिंग उचललं. खाली फॅक्टरीचा मूळ डांबरी थर जसाच्या तसा, आणि त्यावर एसटीचं एक जुनं तिकीट चिकटलेलं. म्हणजे तिथे पाणी पोहोचलंच नव्हतं. कागद विरघळला नाही तर पत्रा कसा सडेल! खालून सगळीकडे ठोकलं. ठण्, ठण्, ठण्. फक्त डिकीत स्टेपनीच्या खाली दोन रुपयाच्या नाण्याएवढं एक भोक.

फूटपट्टी लावली. जिप्सीचं इंजिन मित्राच्या गॅरेजमध्ये बाहेर काढून ठेवलेलं होतं, त्याची मापं आधीच घेतली होती. लांबीत चार बोटं शिल्लक राहतात. चेंबरचा खोल भाग आणि आडवा बीम यांच्यात जेमतेम सव्वा इंच. पुठ्ठ्याचं इंजिन सोमवारी करतो.

गुरुजी म्हणाले, "पस्तीस दे, पण एक वचन दे, हिला उकिरड्यावर टाकणार नाहीस." मी पाया पडलो आणि पैसे दिले.

वकीलसाहेब, रस्त्याचा प्रश्नही सोडवला. ११८ रस्त्यावर आणणार नाही. नशिराबाद शिवारात आमचं साडेतीन एकर पडीक आहे, तिथे चालवेन, आणि पुढे तयारी झाली तर ट्रेलरवर घालून कोइंबतूरच्या करी ट्रॅकला नेईन. लांब आहे, पण जाईन. रस्त्यासाठी मामांची एस्टीम आहे, ती जशी आहे तशीच ठेवतो. मामाही खूश.

पांझराकाठ (धुळे)

वाचताना वाईट वाटलं पण निर्णय बरोबर घेतलास. त्या कॉन्टेसाच्या मालकांचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात दे. माझ्या गाडीला मागची काच आणि ग्रिल हवं आहे, तिचं काहीतरी तरी जगेल. आणि ११८ ला डबा म्हणालो ते मागे घेतो.

निंबोणी (पारोळा)

एसटीचं तिकीट वाचून डोळ्यात पाणी आलं. ते जपून ठेवा दादा. आणि काचेचं रबर आताच नवीन टाका, पावसाळ्याची वाट बघू नका.

कन्नडघाट (चाळीसगाव)

अभिनंदन! आता दोन गोष्टी. जिप्सीची ट्रान्सफर केस हाय रेंजलाही (नेहमीच्या चालवण्याच्या स्थितीतही) एकास एक नसते, तिथेही वेग घटून मागे जातो. ती काढलीत की गाडी जिप्सीपेक्षा लांब गिअरची, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरणारी, होणार. हलक्या गाडीला ते बरंच आहे, पण मागच्या एक्सलचं गुणोत्तर आधी मोजा. दोन्ही मागची चाकं उचला, गिअर न्यूट्रल, शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि दोघांनी दोन्ही चाकं एकदम एक फेरा फिरवा. शाफ्ट किती फिरला ते मोजा. समजा ४.३ आलं. तेरा इंची टायर एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर जातो. ताशी ८० ला चाक मिनिटाला सुमारे ७४० फेरे घेईल, म्हणजे चौथ्या गिअरला इंजिन ३१८० च्या आसपास. पाचवा ०.८ धरला तर २५५०. हे आकडे चांगले आहेत, एक्सल बदलायची गरज पडणार नाही.

दुसरं, फाउंडेशन कायमचं वेल्ड करण्याआधी गिअरबॉक्सचा शेंडा आणि एक्सलचं तोंड यांचे कोन मोजा. गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर असताना नाही. माझं तेच चुकलं होतं. मी येतो मोजायला, कोनमापक घेऊन.

लोकोशेड_अण्णा (भुसावळ)

शाबास पोरा. इंजिनाच्या आधी ब्रेक. ताशी ८० ऐवजी १०० ने धावलास तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. चारही चाकांचे सिलिंडर, होज, मास्टर सिलिंडर नवीन घे, मग इंजिनाला हात लाव. आणि एमपीएफआयला टाकीत दाबाचा पंप लागतो, जुनी पेट्रोलची नळी त्या दाबाला टिकत नाही, फुटली तर आग. ती नळी पूर्ण बदल. डिकीतल्या भोकाला लांबी भरशील तर माझ्याशी बोलू नकोस. कापून नवा पत्रा लाव.

चेनपुली आहे का तुझ्याकडे?

मेहरूणचा_मिस्त्री (जळगाव)

दीड टनाची आहे अण्णा. आणि पत्राच लावणार, शब्द देतो. पुढच्या रविवारी जुनं इंजिन काढतो. कन्नडघाटभाऊ येताहेत. तुम्ही येणार?

लोकोशेड_अण्णा (भुसावळ)

सकाळच्या गाडीने येतो. गुडघा दुखतो, खाली झोपणार नाही, स्टूलवर बसून सांगेन.

मेहरूणचा_मिस्त्री (जळगाव)

स्टेशनवर घ्यायला एस्टीम घेऊन येतो. दुपारी भरीत-पुरी घरी.